मुराळी हवा आहे

सेक्टर ३९, चंडीगड
१९ सप्टेंबर

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. दोन्ही गुडघे संपावर आहेत, त्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमेस धर.

आईच्या सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका पोचली. कागद जाड, चंद्र सोनेरी, मजकूर अण्णांना आवडला असता असा संस्कृतप्रचुर. भर पितृपक्षात छापून घेतलीस हे तर फारच धोरणी. त्या पंधरवड्यात प्रेसवाल्याला दुसरं काम नसतं, तो प्रत्येक अक्षराकडे नीट बघतो. म्हणजे त्यात जे राहिलं आहे ते त्याच्या नजरचुकीने राहिलेलं नाही.

इथे माझ्याकडे राहायला आलेल्या आईने भिंग घेऊन पत्रिका दोनदा वाचली. ५ नोव्हेंबर, त्रिपुरारी पौर्णिमा, वाईचा हॉल, सगळं ठीक. मग खालच्या ओळीवर, ‘आपले नम्र, श्रीनिवास आणि चित्रा’ याच्यापुढे बोट ठेवून म्हणाली, “एक नाव राहिलं.” मी त्याच दिवशी तुला फोन करून सांगितलं. तू म्हणालास, छापून झालंय. मी म्हटलं, पेनने लिहिता येतं. तू फोन ठेवलास.

म्हणून हे पत्र. फोनवर तू माझं एकही वाक्य क्रियापदापर्यंत जाऊ देत नाहीस. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, आणि अण्णांचा मुलगा आलेलं पत्र अर्धवट वाचून टाकणार नाही एवढा मला भरवसा आहे.

तर उजळणी. आपल्याला एक धाकटी बहीण आहे. यामिनी. सव्वीस वर्षांपूर्वी ती दापोली तालुक्यातल्या खारवाडी नावाच्या कोळ्यांच्या गावात शाळामास्तरीण म्हणून गेली आणि तिथल्याच नरेशशी लग्न करून राहिली. नरेशची स्वतःची होडी होती, दोन इयत्ता कमी होत्या आणि जात वेगळी होती. तू विहिरीवर जाऊन तिच्या नावाने आंघोळ केलीस. अण्णा माडीवरून खाली आले नाहीत आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. त्या दिवसापासून तुझ्या घरात तिचा उल्लेख ‘तो विषय’ असा होतो. माणसाचा विषय करून टाकणं हे काम तू एका आंघोळीत उरकलंस. वैयाकरणांनाही इतकं झटपट जमत नाही.

आता आईचं म्हणणं. सहस्रचंद्रदर्शनात एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळतात, लेकीसुना ओवाळतात. तिला ओवाळायला दोन्ही मुली हव्या आहेत. एवढंच. दुसरी कुठलीही मागणी नाही, पैठणीसुद्धा नको म्हणाली. पुन्हा फोन केला तेव्हा तू म्हणालास की ‘तो विषय’ दारात आला तर कार्यक्रम रद्द. तुझं उत्तर मी तिला जसंच्या तसं सांगितलं. तिने भिंग पुसून डबीत ठेवलं.

दुसरी बातमी निरुपद्रवी आहे. दसऱ्यानंतर मी आणि दोन मैत्रिणी गाडीने कोकण किनारा बघायला निघतो आहोत. डहाणूपासून खाली, जमेल तितकी मच्छीमार गावं. गाडी कादंबरी चालवणार. ही मूळची कोल्हापूरची, चंडीमंदिरच्या छावणीत राहते, नवरा कर्नल आहे, पण हुकूम ती सोडते. दुसरी परमिंदर, आमची शेजारीण, माहेर पिंजौरचं. छप्पन्न वर्षांची झाली, समुद्र बघितलेला नाही. मी नकाशा धरणार.

आईची काळजी करू नकोस. तिची व्यवस्था चोख केली आहे.

तुझी बहीण
चित्रा


उदयपूर
५ ऑक्टोबर

ती. दादास,

नमस्कार. हे पत्र शांतपणे, शक्यतो बसून वाच.

गेल्या दोन दिवसांत तू चंडीगडला तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा रघुवीरने तुला सांगितलं की आई झोपल्यात. माझा नवरा शास्त्रज्ञ आहे, खोटं बोलत नाही. आई तिन्ही वेळा झोपलेलीच होती. फक्त ती जयपूरच्या अलीकडे, जयपूरच्या पलीकडे आणि चितोडगडजवळ, गाडीच्या मागच्या सीटवर झोपली होती.

हो, तिला घेऊन निघाले आहे.

आता तुझ्या मनात येतील ते प्रश्न मीच विचारते आणि मीच उत्तरं देते, आपल्या भाष्यकारांची जुनी पद्धत. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला दोन हजार किलोमीटर नेणं शहाणपणाचं आहे का? नाही. डॉक्टरांना विचारलं का? विचारलं, ते म्हणाले दर दीड तासाला पाय मोकळे करू द्या. कादंबरीने त्यावर टाईप केलेला कागद काढला आहे. त्यात थांबे, गोळ्या, उशी आणि स्वच्छ शौचालयं अशा रकान्यांत आईची संपूर्ण हालचाल आखलेली आहे. पलटण हलवताना इतकी तयारी होत नसेल. आईला विचारलं का? दादा, इथे तुझं चुकतं. कल्पना तिची आहे.

तुझा निरोप ऐकल्यावर दोन दिवस तिने भिंग डबीतून काढलं नाही. तिसऱ्या दिवशी मी, कादंबरी आणि परमिंदर बाहेरच्या खोलीत कागद पसरून गावांची नावं लिहीत होतो. आई पलंगावरून म्हणाली, “त्यात खारवाडी आहे का?” मी म्हटलं, नाही. म्हणाली, “मग लिहा. आणि माझ्या औषधांच्या पिशवीला जागा ठेवा.”

मी तिला म्हटलं, दादाला काय सांगायचं? म्हणाली, निघाल्यावर सांगू. म्हणून मागच्या पत्रात मी तुझ्यापासून लपवलं. लपवल्याचं वाईट वाटत नाही. तू सव्वीस वर्षं एक अख्खी मुलगी लपवलीस, मी सोळा दिवस एक प्रवासी लपवला.

पत्ता विचारू नकोस, रोज बदलतो. यामिनीला आम्ही कळवलेलं नाही. ते आईनेच नको म्हटलं. का, ते तिने सांगितलं नाही, पण मला कळलं. आधी कळवलं आणि ती नको म्हणाली तर?

परमिंदरने आईसाठी डबा भरून पिन्नी आणल्या आहेत. कणीक, तूप, गूळ आणि सुकामेव्याचे लाडू. आईने चितोडगडपर्यंत चार खाल्ल्या. मधुमेह नाही, त्यामुळे रागावता येत नाही.

तुझी
चित्रा


श्रीवर्धन
९ ऑक्टोबर

ती. दादास,

उदयपूरचं पत्र काल पोचलं असावं, कारण काल सकाळपासून तुझे अकरा फोन आले. मी उचलले नाहीत. बारावा आईने उचलला. त्या वेळी आम्ही आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या जंगलजेटीवर होतो. तराफ्यासारखी मोठी बोट असते, गाडीसकट माणसांना खाडीपलीकडे नेते. आई गाडीत बसली होती, खिडकीची काच खाली, वाऱ्याने केस विस्कटलेले. तू काय म्हणालास ते मला नीट ऐकू आलं नाही. आईचं मात्र ऐकू आलं.

“फसवलं ते तुला. मला विचारून आणलंय.”

मग तिने फोन बंद करून मला दिला आणि नाकाला लावायचा रुमाल मागितला. वास येतोय का, असं मी विचारलं. म्हणाली, नाही, नाक वाहतंय.

ही तीच बाई आहे, दादा, जी वाईच्या मंडईत मासळीच्या गल्लीपाशी आलं की पदर तोंडाला लावून रस्ता बदलायची. डहाणूला आम्ही पहिल्यांदा किनाऱ्यावर उतरलो. बांबूच्या काठ्यांवर ओळीने बोंबील वाळत घातले होते, धुतलेल्या मोज्यांसारखे. परमिंदर समुद्राकडे तोंड करून दहा मिनिटं उभी राहिली. मग तिने विचारलं, इसका दूसरा किनारा कहाँ है? कादंबरी म्हणाली, ओमान. परमिंदर म्हणाली, चलो, वहाँ भी कोई पंजाबी होगा ही. आणि तिचं समाधान झालं. आई मात्र बोंबलांपाशी थांबली. तिथल्या बाईला म्हणाली, हे कोणते? ते कोणते? मांदेली, जवळा, वाकटी. रेवदंड्याला तेच, मुरुडला तेच. रात्री झोपताना पुटपुटते, अण्णा आपल्याकडून शब्दरूपं घोटून घ्यायचे त्या चालीवर. हलवा, घोळ, सुरमई. मी म्हटलं, आई, तुला हे कशाला?

“तिच्याशी बोलायला काहीतरी विषय नको?”

दादा, मी तुझ्यावर दोन पत्रं भरून उपहास केला. आज एक गोष्ट लिहायची आहे, ती लिहिली नाही तर उद्या तिकडे जायला मला तोंड नाही.

लग्नानंतर पाचएक महिन्यांनी यामिनीचं मला चंडीगडला पत्र आलं होतं. आम्ही नुकतेच बदलून आलो होतो, सामान खोक्यांत होतं. चार पानी. दादाला लिहिण्याची सोय नाही, आईच्या हाती पडेल याची खात्री नाही, तर ताई तू तरी लिहीत जा, असं. तुझ्याकडे सुट्टीत येऊ का, असंही विचारलं होतं. मी उत्तर लिहायला बसले. मनात आलं, दादाला कळलं तर माझंही येणंजाणं बंद होईल. आईची भेट बंद होईल. थोडे दिवस जाऊ देत, म्हटलं. थोड्या दिवसांचा महिना झाला, महिन्याचं वर्ष. वर्षभर उशिरा लिहिलेल्या पत्राची पहिली ओळ काय असते ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मग मी ते पत्र ठेवून दिलं.

म्हणजे तू तिच्या नावाने आंघोळ केलीस ती सगळ्यांदेखत. मी आंघोळ न करता तेच केलं. तुझ्यात निदान उघडपणा होता. मी तिकडे चंडीगडला पंधराशे किलोमीटरवर बसून, दादाचा स्वभाव कडक आहे हो, असं सुस्कारे टाकत लोकांना सांगत राहिले. फार सोयीचा होतास तू मला.

आता सोय संपली. उद्या बागमांडल्याची जेटी, मग वेश्वी, मग खारवाडी. तू काही म्हण.

चित्रा


खारवाडी
१२ ऑक्टोबर

ती. दादास,

पोचलो. आज तिसरा दिवस.

परवा दुपारी चारच्या सुमाराला पोचलो तेव्हा होड्या लागल्या होत्या आणि वाळूवर लिलाव चालू होता. टोपल्यांभोवती माणसांचं कोंडाळं, आणि मध्ये उभी राहून बोली पुकारणारी एक बाई. नऊवारी नाही, साधी पाचवारी, पदर खोचलेला, केस पिकलेले. एका श्वासात आकडे चढवत नेत होती, मध्ये कुठे तुटत नव्हती. आई गाडीतून ऐकत होती. कादंबरी मला म्हणाली, चित्राताई, काय दम आहे हो बाईचा. मी म्हटलं, अण्णांनी कमावून दिलेला आहे. रोज पहाटे आम्हा दोघींना परसात उभं करून.

यामिनीने शाळेची नोकरी सासू आजारी पडली तेव्हा सोडली आणि सासूची लिलावातली जागा घेतली. तेव्हापासून खारवाडीचा लिलाव तिच्या तोंडून होतो. तिने मला आधी ओळखलं नाही. मग गाडीच्या खिडकीतला चेहरा बघितला. हातातली टोपली सुरू होती, ती तिने पुरी केली, शेवटची बोली पुकारली, कोणाला गेली ते सांगितलं, मगच आली. आईच्या पाया पडली. म्हणाली, “वाटेत त्रास झाला का?” आई म्हणाली, नाही.

झालं. सव्वीस वर्षांनी एवढंच. मला वाटलं होतं, रडारड होईल, मी रुमाल तयार ठेवला होता.

घरी नरेशने आईला खुर्ची दिली आणि स्वतः ओट्यावर बसला. मोठा, शांत माणूस आहे. आई त्याला म्हणाली, आज पापलेट फार दिसले. ते हलवे होते. त्याने दुरुस्त केलं नाही. त्यांची मुलगी ओजस्विनी रत्नागिरीला शिकते, रविवारसाठी आली होती. हे नाव कोणी ठेवलं असेल ते सांगायला नको. घरात तिला ओजू म्हणतात. ती आजीकडे एखाद्या सरकारी कागदाकडे बघावं तशी बघत होती, खरा की खोटा.

मग यामिनीने माळ्यावरून एक गाठोडं काढलं. जुन्या लुगड्यात बांधलेलं. आत कल्हई केलेलं पितळी पातेलं, दोन ताटं, वाट्या, पळी, तवा. सगळं लखलखीत. म्हणाली, यांना माशाचा हात लागलेला नाही. आणि त्यात तिने आईसाठी आणि माझ्यासाठी वेगळा वरणभात केला, दुसऱ्या चुलीवर. आई पानावर पाहुण्यासारखी बसली. वरण छान झालंय म्हणाली, दोनदा. मासे किती प्रकारचे येतात ते विचारलं. यामिनीने सांगितलं. दोघी इतक्या नीट बोलत होत्या की मी पानावरून लवकर उठले.

दुसरा दिवस तसाच. वेगळी चूल, वेगळं ताट, नीट बोलणं. आई संध्याकाळी मला म्हणाली, उद्या निघू या.

आणि आज सकाळी परमिंदरने घोळ केला.

ही बाई पाचला उठते. सगळे झोपलेले. तिला रात्रीचं सुरमईचं कालवण दिसलं, गरम करायला भांडं शोधलं, रोजची सगळी घासायला पडलेली. फळीवर एक चकचकीत पातेलं उपडं ठेवलेलं. पंजाबात चांगलं भांडं पाहुण्याने वापरलं तर घरच्यांना आनंद होतो. तिने त्यात कालवण ओतलं, गरम केलं, आणि यामिनी आत आली तेव्हा ती पाटावर बसून ताटात पाव बुडवून खात होती. ताटही त्यातलंच.

यामिनी दारात उभी राहिली. मग खाली बसली, भिंतीला टेकून. परमिंदरला कळेना काय झालं. म्हणाली, मैं धो के रख दूँगी जी. मी धावत आले. यामिनी माझ्याकडे बघून म्हणाली,

“दर दिवाळीला चिंच लावून घासत होते. माझी सासू हसायची. म्हणायची, तुझं माहेर आता या पातेल्यात राहतं.”

आणि तेव्हा रडली. मोठ्याने, लिलावाच्या आवाजात. नरेश उठून आला, दारात थांबला, परत गेला.

आई भिंत धरत धरत स्वयंपाकघरात आली. पातेल्यात वाकून बघितलं. “सुरमई?” असं परमिंदरला विचारलं. परमिंदरने मान हलवली. आईने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि यामिनीपाशी खाली बसायला लागली. ती किती वर्षांत जमिनीवर बसलेली नाही तुला माहीत आहे. मी आणि परमिंदरने दोन्ही बाजूंनी धरून बसवलं.

“सुटलीस,” आई तिला म्हणाली. “आता ते रोजच्या भांड्यांत ठेव. माझी भाकरी तुझ्या तव्यावर भाज.”

यामिनी म्हणाली, “हे सव्वीस वर्षांपूर्वी सांगायला काय झालं होतं?”

मग जे भांडण झालं, दादा, ते मी इथे लिहीत नाही. दोन तास चाललं. आम्ही ओट्यावर बसून ऐकत होतो. तुझं नाव बऱ्याचदा आलं, आईचं त्याहून जास्त. अण्णा गेल्याचं तिला नवव्या दिवशी पेपरात वाचून कळलं, हे तुला माहीत आहे का? मला नव्हतं. आईने एकदाही ‘श्रीनिवासने केलं’ असं म्हटलं नाही. म्हणाली, मी बाहेर आले नाही. त्या दिवशी स्वयंपाकघरातून बाहेर यायला हवं होतं, आले नाही. तेवढंच पुन्हा पुन्हा.

नंतर यामिनी माझ्याकडे वळली. “ताई, माझं पत्र मिळालं होतं?”

मी म्हटलं, मिळालं होतं.

“मला वाटायचं, पोस्टात गहाळ झालं. बरं वाटायचं तसं समजून.”

दादा, तू माझ्यावर आयुष्यभर जेवढा ओरडलास ते सगळं एकत्र केलं तरी या वाक्याएवढं लागणार नाही.

दुपारी आई यामिनीच्या रोजच्या ताटात जेवली, कडेला पोचा आलेल्या स्टीलच्या. मासे नाही खाल्ले, भाकरी आणि वांग्याची भाजी. दोन भाकऱ्या.

जेवणानंतर मी विषय काढला. म्हटलं, यामिनी, ५ नोव्हेंबरला वाईला यायचं, आईला ओवाळायला. आमच्याबरोबर चल, किंवा मी येते न्यायला. ती म्हणाली, “तू न्यायला येऊन कसं चालेल? बहीण मुराळी नसते. माहेरवाशिणीला न्यायला भाऊ येतो. दादा आला तर येईन.”

मी म्हटलं, नाही आला तर?

“तर दुपारी लिलाव आहे. मला काम असतं.”

आवाज चढवला नाही. वाळत घातलेली जाळी उलटी करत होती. मी आईकडे बघितलं, की ही समजूत घालेल. आई म्हणाली,

“मग मीही इथेच. मलाही त्यानेच न्यावं. एका खेपेत दोघी होतील.”

चित्रा


सेक्टर ३९, चंडीगड
१७ ऑक्टोबर

ती. दादास,

नमस्कार. काल परत आलो, आई सोडून. चारजणी गेलो, तिघी आलो. मागच्या सीटवर आईची जागा रिकामी ठेवून परमिंदर अंबाल्यापर्यंत दाराला चिकटून बसली. रघुवीरने दार उघडलं आणि माझ्या मागे बघत विचारलं, आई झोपल्यात का? मी म्हटलं, हो, खारवाडीला.

तुझा फोन आठ दिवसांत आला नाही. वहिनीचा आला. हलक्या आवाजात म्हणाली, हॉल सोडलेला नाही, गुरुजींनाही नाही म्हटलेलं नाही, पण घरात कोणाशी बोलत नाहीत, माडीवर बसून असतात. दादा, माडीवर बसून राहण्याची आपल्या घरात परंपरा आहे. अण्णांनीही तेच केलं होतं. त्यातून काय निष्पन्न झालं ते आपण दोघांनी बघितलं आहे.

तर आता वस्तुस्थिती. हॉल तुझ्याकडे आहे. गुरुजी तुझ्याकडे, आचारी तुझ्याकडे, सोनेरी चंद्राच्या पत्रिका तुझ्याकडे. जिने चंद्र बघितले ती बाई आमच्याकडे आहे. तिच्याशिवाय तू एक्क्याऐंशी दिवे लावू शकतोस, वाईत त्याला दीपोत्सव म्हणतील.

तू आला नाहीस तर ५ नोव्हेंबरला खारवाडीच्या अंगणात ओवाळणं होईल. मी आणि रघुवीर जातो आहोत. कादंबरीने नवा कागद टाईप केला आहे. ओजस्विनी म्हणाली, दिवे मी मांडीन. मंत्र मला येतात, तूच लहानपणी तक्रार करायचास की चित्राला जास्त येतात म्हणून. पुरोहित बाई चालते का, यावर तू शास्त्रार्थ काढशील. काढ. तो पुरा होईपर्यंत आम्ही वाट बघणार नाही.

हे मी तुला विचारत नाही, कळवते आहे. आयुष्यात पहिल्यांदा. पंचावन्नाव्या वर्षी मला हा फरक समजला, तुला अजून वेळ आहे, तू फक्त एकसष्टचा आहेस.

पण तू यावंस असं मला वाटतं. हेही लपवत नाही. सहा दिवसांनी भाऊबीज आहे, गुरुवारी. मुराळ्याने त्याहून चांगला दिवस कुठला निवडावा? आम्हाला चंडीगडहून दोन हजार किलोमीटर पडले, दोन वेळा जेटी ओलांडावी लागली. तुला वाईहून दोनशेच्या आत आहे. पहाटे निघालास तर जेवायला पोचशील. इतक्या जवळ होती ती, आणि आपण दोघंही तिला समुद्रापार समजत होतो.

रस्ता लिहून घे. पाचगणी, महाबळेश्वर, आंबेनळी घाट उतरून पोलादपूर. घाटात वळणं फार आहेत, वहिनीला लिंबू दे. पोलादपूरहून खेड, खेडहून दापोली, दापोलीला चहा घे, पुढे मिळत नाही. दापोलीहून हर्णैच्या रस्त्याला लाग. बंदराच्या अलीकडे डावीकडे एक कच्चा रस्ता खाली उतरतो, पाटी पडलेली आहे. गाडी वडाखाली लाव, पुढे वाळू आहे, चाक रुतेल.

तिथून घर आपणहून सापडणार नाही. सगळी घरं सारखी, सगळ्यांपुढे जाळी आणि मासे वाळत घातलेले. नरेशचं घर कुठलं, असं विचारू नकोस. तिथे नरेश चार आहेत आणि त्यातले तीन समुद्रावर असतात. शाळेतल्या बाई म्हणून विचारलंस तर हल्लीच्या बाईंकडे पाठवतील. मास्तरांची मुलगी तिथे कोणाला माहीत नाही, वाईची बाई म्हणून कोणी ओळखत नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं घर, असं म्हणालास तर तुला विचारतील, नाव काय?

तेव्हा दादा, तुला तिचं नाव घ्यावं लागेल. आणि वारा फार असतो तिथे, हळू घेतलेलं ऐकू जात नाही.

तुझ्या दोन बहिणींपैकी थोरली,
चित्रा